पेटीतला मुक्काम

बुतेहामुन नावाच्या लेखनिकाची बायको इख्ताय वारली. तिच्याशी बोलायचं पुष्कळ राहून गेलं होतं, म्हणून त्यानं पत्र लिहिलं, आणि ते लिहिलं तिच्या शवपेटीच्या नावे. तू तिच्याजवळ आहेस, तेव्हा माझं ऐक आणि माझा निरोप तिला पोचव, अशी त्या लाकडी पेटीला त्यानं विनवणी केली. पुढं इख्तायचं कौतुक आहे, मरणानं तिला ओढून नेल्याचं दुःख आहे आणि शेवटी एक मागणं आहे: तिथं तुझा शब्द ऐकला जात असेल, तर अनंतकाळाच्या स्वामींपाशी माझ्यासाठी रदबदली कर. ही गोष्ट इ.स.पू. १०७०च्या आसपासची. गाव थीब्जच्या पश्चिम भागातलं, म्हणजे आजच्या लक्झरसमोरच्या नाईलच्या काठावरचं. तो पत्राचा तुकडा आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

मृतांना पत्र लिहिण्याची रीत इजिप्तमध्ये जुनीच होती. मातीच्या वाडग्यावर, कापडावर, पपायरसवर लोक आपल्या गेलेल्या माणसांना घरातली भांडणं कळवत, आजारपणात मदत मागत, वारसाहक्काच्या तंट्यात साक्षीला बोलावत. बुतेहामुननं मात्र पेटीलाच मध्यस्थ केलं. तिला कान आहेत, तिच्या आत काहीतरी जागं आहे, यावर त्याचा विश्वास होता आणि तो त्याच्या एकट्याचा नव्हता.

याच बुतेहामुनचं दुसरं काम मी पुढं सांगणार आहे. राजांच्या थडग्यांत उतरणाऱ्या, त्यांच्या ममी बाहेर काढणाऱ्या आणि शवपेट्यांवरचं सोनं उतरवून घेणाऱ्या कारभाराचा तो एक मुख्य लेखनिक होता. पेटीला जिवंत मानणारा आणि पेटी रिकामी करणारा माणूस एकच. इजिप्तच्या अंत्यसंस्कारांबद्दल आपल्याकडे जे लिहिलं जातं ते बहुतेक तुतानखामुनच्या सोन्यापाशी सुरू होतं आणि तिथंच संपतं. मला ओढ आहे ती या लेखनिकाच्या पेचाची, कारण त्या संस्कृतीनं मरणाशी जो व्यवहार केला तो मला तिथं जास्त खरा दिसतो.

*

सुरुवातीला पेटी नव्हती. इ.स.पू. ३५००च्या सुमाराला, आणि त्याआधीही, माणसाला गुडघे पोटाशी घेऊन, कुशीवर, वाळवंटाच्या कडेला उथळ खड्ड्यात ठेवत. सोबत मडकी, एखादा मण्यांचा सर, डोळ्यांना लावायचा रंग वाटायची पाटी. तापलेली कोरडी वाळू अंगातलं पाणी शोषून घेई आणि देह आपोआप टिके. ब्रिटिश म्युझियममध्ये गेबेलीन इथं सापडलेला असा एक पुरुष आहे. पाच हजारांहून जास्त वर्षांनंतरही त्याचे केस डोक्यावर आहेत.

मग प्रतिष्ठितांना वाळूपासून आडोसा हवासा वाटला. टोपली आली, लाकडी पेटी आली, विटांची खोली आली. मात्र वाळूशी संबंध तुटताच आतला देह कुजू लागला. त्यातून देह टिकवायची विद्या निघाली, असं बरीच वर्षं शिकवलं जाई. ते पूर्ण खरं नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका रासायनिक अभ्यासात मोस्तगेद्दा इथल्या कबरींतल्या, इ.स.पू. ४०००च्याही आधीच्या कापडांवर राळ, चरबी आणि वनस्पतींचे अर्क यांचं मुद्दाम केलेलं मिश्रण सापडलं. म्हणजे वाळू काम करत असतानाही माणसं हात लावत होती.

देह टिकवण्याची ती कला शिखराला पोचली तेव्हा सगळा विधी सत्तर दिवस चाले. त्यातले सुमारे चाळीस दिवस देह नॅट्रॉन या नैसर्गिक खारात वाळत राही. मेंदू नाकावाटे काढून टाकत. त्याला काही मोल नव्हतं. यकृत, फुप्फुसं, जठर आणि आतडी काढून चार बरण्यांत ठेवत, होरस देवाच्या चार पुत्रांच्या राखणीत. हृदय मात्र जागच्या जागी राही, कारण विचार तिथं होतो आणि परलोकात तराजूत तोलायचं तेच असतं. साक्कारा इथं २०१६ मध्ये इजिप्तचे पुरातत्त्वज्ञ रमदान हुसेन यांच्या चमूला या कामाची एक कार्यशाळाच सापडली. तिथल्या मडक्यांवर त्यात काय भरलं होतं आणि ते कुठं लावायचं हे लिहिलेलं आहे. २०२३ मध्ये त्या मडक्यांतल्या अवशेषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात देवदार, सरू, पिस्त्याच्या जातीची राळ यांच्याबरोबर आग्नेय आशियातल्या जंगलांतली डामर राळही निघाली. दुसऱ्या रामसेसच्या नाकपुड्यांत काळी मिरी भरलेली होती हे तर आधीच माहीत होतं. मिरी ही आपल्या पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाची वेल. इ.स.पू. १२१३ मध्ये मेलेल्या राजाचं नाक टिकवायला ती इतकी दूर गेली होती.

*

पेटीचं पहिलं रूप चौकोनी होतं, घरासारखं. त्यात मृताला डाव्या कुशीवर, पूर्वेकडे तोंड करून निजवत आणि पेटीच्या बाहेरच्या अंगाला, बरोबर त्याच्या चेहऱ्यासमोर, दोन मोठे डोळे रंगवत. लाकडातून त्याला उगवता सूर्य दिसावा, अर्पण घेऊन येणारी माणसं दिसावीत. मला ही कल्पना सोन्याच्या कोणत्याही मुखवट्यापेक्षा हलवून जाते. नजर अडू नये याची एवढी काळजी!

मध्य राज्याच्या काळात, म्हणजे इ.स.पू. २०००च्या आगेमागे, पेटीच्या आतल्या बाजूही भरू लागल्या. मृताच्या उशाशी उशी, पायांशी वहाणा, शेजारी काठी, आरसा, धनुष्य, अशी चित्रांची रांग; आणि त्याखाली उभ्या ओळींत परलोकाच्या प्रवासाचे मंत्र. देर अल-बेर्शा इथल्या काही पेट्यांच्या तळाला तर नकाशाच आहे. मेलेल्या माणसासमोर दोन वाटा, एक पाण्याची, एक जमिनीची, मध्ये आगीची रेघ आणि दारोदार सुऱ्या घेऊन बसलेले राखणदार. जगात सापडलेल्या सर्वांत जुन्या परलोकाच्या नकाशांत याची गणना होते. नकाशा पाठीखाली आहे, मृत माणूस त्याच्यावर झोपला आहे. त्याच गावच्या जेहुतीनख्त नावाच्या अधिकाऱ्याची देवदाराची पेटी १९१५ मध्ये मिळाली; आता ती बोस्टनला आहे. तिच्यावर रंगवलेल्या पाखराचं पीस न् पीस दिसतं. आणि हे सगळं पेटीच्या आत, म्हणजे झाकण लागल्यावर कुणालाही न दिसणारं.

बाराव्या राजवंशात माणसाच्या आकाराची पेटी आली आणि तीच पुढं रूढ झाली. चेहरा, केसांचा टोप, छातीवर हात. मृत व्यक्ती आता ओसायरिस झाली, हे त्या आकारातून सांगायचं असे. मृतांचा देव ओसायरिस याची कथा ग्रीक लेखक प्लुटार्कनं लिहून ठेवली आहे, तीत पेटी हीच फसवणुकीची जागा आहे. भाऊ सेत यानं ओसायरिसच्या मापाची सुंदर पेटी करवली, ज्याला ती नेमकी बसेल त्याला ती मिळेल असं मेजवानीत जाहीर केलं, आणि ओसायरिस आत निजताच झाकण ठोकून ती नदीत सोडली. ज्या पेटीनं देव मेला तिच्याच आकारात माणसं पुनर्जन्माची वाट पाहत.

झाकणाच्या आतल्या बाजूला बहुधा आकाशदेवी नूत असे, हात पसरून मृतावर ओणवलेली. रोज संध्याकाळी ती सूर्याला गिळते, रात्रभर तो तिच्या देहातून प्रवास करतो आणि पहाटे ती त्याला जन्म देते. पेटी मिटली की माणूस तिच्या पोटात. पेटीवरचे लेख तिला थेट आई म्हणून हाक मारतात. हे एकदा ध्यानात आलं की बुतेहामुन पेटीशी का बोलला याचं नवल उरत नाही. इख्ताय ज्या देवीच्या उदरात होती तिच्याशीच तो बोलत होता.

*

आता लाकडाकडे येऊ, कारण सगळी गोष्ट तिथंच अडते. नाईलच्या खोऱ्यात सरळसोट, मोठ्या फळ्या देणारी झाडं नाहीत. आहे ती बाभूळ, आपल्याच बाभळीची जात. आहे झाऊ, बोरीच्या जातीचं सिद्र, आणि आहे आपल्या उंबराचा भाऊबंद असलेला अंजिराच्या कुळातला सिकमोर. सिकमोरला बुंधा बरा असतो, म्हणून बहुसंख्य पेट्या त्याच्या. नूत आणि हाथोर या देवी याच झाडातून हात बाहेर काढून मृताला पाणी पाजतात असं थडग्यांतल्या चित्रांत दिसतं. लाकूड फार भारी नसलं तरी ते देवीचं होतं.

उत्तम लाकूड म्हणजे लेबनॉनचा देवदार. तो समुद्रावरून आणावा लागे. राजा स्नेफेरूनं चाळीस जहाजं भरून लाकूड आणवल्याची नोंद इ.स.पू. २६००च्या आसपासची आहे. ज्यांना ते परवडत नसे त्यांच्यासाठी सुतार लहान-मोठे तुकडे जोडून पेटी उभी करत. रंधा नव्हता. वाकसानं तासायचं, वाळूच्या दगडानं घासायचं, फळीत खाच पाडून दुसरीचं टोक तीत बसवायचं, लाकडी खुंट्या मारायच्या. फटींत आणि गाठींच्या भोकांत माती-भुशाची लांबी भरायची. त्यावर कापड, कापडावर चुनखडी आणि सरसाचा लेप, मग रंग. पिवळ्यासाठी पिवळी काव किंवा महागडा चमकदार हरताळ, तांबड्यासाठी गेरू, काळ्यासाठी काजळी, आणि निळ्यासाठी तांब्याचं खनिज, वाळू व चुना भट्टीत एकत्र भाजून केलेला तो प्रसिद्ध कृत्रिम निळा. शेवटी पिस्त्याच्या जातीच्या झाडाच्या राळेचा रोगण. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात नेसपावेरशेफित या थीब्जच्या कार्नाक मंदिरातल्या अधिकाऱ्याची इ.स.पू. १०००च्या सुमाराची पेटी आहे. तिच्या आतल्या झाकणावरच्या रोगणात बोटांचे ठसे उमटलेले आहेत. रोगण वाळायच्या आत कुणीतरी झाकण उचललं. त्याच पेटीवरची पदनामं नंतर बदललेली दिसतात, कारण साहेबांना मधल्या काळात बढती मिळाली. जिवंतपणीच त्यांनी पेटी करून ठेवली होती.

किंमत किती? याचं उत्तर देर अल-मदिना या वस्तीनं दिलं आहे. राजांच्या थडग्यांची कोरीव-रंगीत कामं करणारे कारागीर बायकामुलांसह तिथं राहत आणि दगडाच्या, खापराच्या तुकड्यांवर सगळा हिशेब लिहून ठेवत. फावल्या वेळात ते आपसांत आणि बाहेरच्यांसाठीही पेट्या बनवत. सुतार एक, रंगारी दुसरा, लेखनिक तिसरा. नाणी नव्हती, किंमत देबेन या तांब्याच्या वजनात, म्हणजे सुमारे ९१ ग्रॅमच्या मापात मोजत आणि चुकती करत धान्य, कापड, बकरी, टोपल्या अशा वस्तूंत. साध्या माणसाची लाकडी पेटी साधारण वीस ते चाळीस देबेनच्या घरात पडे. गाढवाची किंमतही त्याच घरातली. कारागिराला महिन्याला साडेपाच खार (हे धान्याचं माप) धान्य मिळे, म्हणजे अंदाजे अकरा देबेन, आणि त्यातच कुटुंबाचं पोट. तो कारागीर इजिप्तच्या हिशेबानं चांगला कमावता माणूस होता. तरीही तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षी धान्य थकलं म्हणून याच लोकांनी काम टाकून मंदिरांसमोर बैठक मारली. इतिहासात नोंदलेला हा पहिला संप मानला जातो.

ज्यांच्याकडे वीस देबेन नव्हते त्यांचं काय? अखेनातेनची राजधानी अमार्ना इथं सामान्यांच्या दफनभूमीत झालेल्या उत्खननात उत्तर मिळालं. बहुतेकांना कापडात आणि वर काड्यांच्या चटईत गुंडाळून वाळूत ठेवलं होतं. लाकडी पेट्या थोड्या. संग्रहालयाच्या दालनातून हिंडताना सगळे इजिप्शियन रंगीत पेट्यांत गेले असं वाटायला लागतं, आणि हा गैरसमज काचेआडच्या प्रत्येक सुंदर वस्तूनं वाढवला आहे. देशातली बहुसंख्य माणसं शेवटपर्यंत वाळूच्याच भरवशावर राहिली.

*

इटालियन पुरातत्त्वज्ञ एर्नेस्तो स्कियापारेल्ली यांना १९०६ मध्ये देर अल-मदिनाच्या टेकडीत खा आणि मेरित या जोडप्याचं न लुटलेलं थडगं मिळालं. खा हा राजाच्या बांधकामांवरचा मुकादम. सगळं सामान आता तुरिनला आहे: पाव, खजूर, तेलाच्या कुप्या, घडीचं स्टूल, मेरितचा केसांचा टोप आणि तिची प्रसाधनाची पेटी. खाला एकात एक बसणाऱ्या पेट्या होत्या, सोनं चढवलेल्या.

मेरितच्या शवपेटीवर नाव मात्र खाचं आहे. ती आधी गेली आणि अचानक गेली. तिची पेटी तयार नव्हती. नवऱ्यानं स्वतःसाठी करून ठेवलेली पेटी तिला दिली. ती तिच्या देहाला फार मोठी होती म्हणून कडेनं कापडाच्या घड्या भरल्या. मंत्रांत सगळीकडे त्याचंच नाव राहिलं. ते पुसून तिचं घालायलाही सवड झाली नसावी. पुढं खानं आपल्यासाठी नव्या पेट्या करवल्या आणि तो तिच्याशेजारी गेला.

विधीच्या दृष्टीनं ही केवढी मोठी अडचण! नाव हाच माणसाचा एक भाग, नाव नसेल तर परलोकात ओळख नाही, अशी शिकवण असलेल्या समाजात एका बाईला दुसऱ्याच्या नावाच्या पेटीत ठेवलं गेलं. ठेवणाऱ्याला तो धर्म पुरता ठाऊक होता. तरी त्यानं ते केलं, कारण सत्तर दिवस भरले होते आणि तिला उघड्यावर ठेवणं याहून वाईट होतं. धर्मशास्त्र आणि घरातलं मरण यांची गाठ पडते तेव्हा माणसं काय करतात, ते या एका पेटीत दिसतं.

तुतानखामुनचंही वेगळं नव्हतं. त्याच्या सर्वांत आतल्या पेटीत सुमारे ११० किलो सोनं आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. मधल्या पेटीचा चेहरा इतर दोघींहून निराळा आहे आणि ती मुळात दुसऱ्या कुणासाठी बनली असावी असं अनेक अभ्यासक मानतात. काढलेले अवयव ठेवायच्या छोट्या सोन्याच्या पेट्यांवर तर आधीच्या राज्यकर्त्याचं नाव खोडून त्याचं घातलेलं दिसतं. सर्वांत बाहेरच्या पेटीचे पाय उंच झाले, दगडी झाकण बसेना, म्हणून ते जागच्या जागी तासले. लाकडाच्या ढलप्या हे थडगं शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरला तळाशी मिळाल्या. त्याच थडग्यात लहान लहान पेट्यांत, जन्माआधीच गेलेल्या दोन मुली होत्या.

*

चोऱ्या सुरुवातीपासून होत्या. पिरॅमिड त्यांनीच रिकामे केले. पण नवव्या रामसेसच्या सोळाव्या वर्षी, इ.स.पू. १११०च्या आसपास, थीब्जमध्ये जी चौकशी झाली तिचे कागद टिकले आहेत आणि त्यातली अमेनपनुफेर या पाथरवटाची जबानी वाचताना अंगावर काटा येतो. सात साथीदारांना घेऊन त्यानं दुसरा सोबेकेमसाफ या जुन्या राजाचं थडगं खणलं. राजा आणि राणी सोन्यानं झाकलेले होते. सगळं काढून घेतलं आणि पेट्या जाळल्या, कारण जळाल्यावर मुलामा वेगळा होतो. आठ वाट्यांत १६० देबेन सोनं आलं, म्हणजे चौदा किलोंहून अधिक. नंतर तो पकडला गेला. आपल्या वाट्याचं सोनं एका अधिकाऱ्याला देऊन सुटला, साथीदारांनी त्याचा वाटा भरून दिला आणि काम पुन्हा सुरू झालं. या जबानीच्या पपायरसचा खालचा अर्धा भाग इंग्लंडमध्ये पोचला होता; वरचा अर्धा १९३५ मध्ये ब्रसेल्समध्ये एका लाकडी मूर्तीच्या पोकळीत सापडला.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांत चोरीचं सरकारी काम झालं. न्यूबियातल्या सोन्याच्या खाणी हातच्या गेल्या, देश दोन सत्तांत वाटला गेला, दक्षिणेत अमुन देवाच्या महापुरोहितांचं राज्य आलं. बिब्लोसला देवदार आणायला गेलेल्या वेनामुन या अधिकाऱ्याची गोष्ट याच काळातली. तिथला राजा त्याला दिवसेंदिवस बंदरात ताटकळत ठेवतो आणि आधी मोबदला टाक म्हणतो. ज्या देशाची जहाजं एकेकाळी चाळिसांनी येत त्याच्या दूताची ही गत. लाकूड नाही, सोनं नाही, आणि पुरोहितांच्या घरांत माणसं मरतच होती.

इथं बुतेहामुन पुन्हा भेटतो. सेनापती पियान्ख न्यूबियात लढत होता. त्याला उत्तर देताना बुतेहामुन आणि सहकाऱ्यांनी त्याचाच हुकूम उद्धृत केला आहे: जुन्या थडग्यांपैकी एक उघडा आणि मी येईपर्यंत त्याची मोहोर राखा. फौजेला पैसा हवा होता आणि तो डोंगरात पुरलेला होता. पश्चिमेच्या टेकड्यांत बुतेहामुननं आणि त्याचा बाप जेहुतीमोस यानं कोरलेली आपली नावं जागोजागी आहेत. कुठं काय आहे याची पाहणी करत ते हिंडत होते. तिसऱ्या रामसेसच्या ममीच्या कापडावर, तिला नव्यानं गुंडाळल्याच्या नोंदीत, बुतेहामुनचं नाव आहे.

राजांना कशी वागणूक मिळाली ते १८८१ मध्ये जगाला दिसलं. कुर्ना गावच्या अब्द अल-रसूल घराण्याला दहाएक वर्षांपूर्वी देर अल-बहारीच्या कड्यात एक विहिरीसारखी वाट सापडली होती आणि ते थोडं थोडं विकत होते. सरकारी चौकशीतल्या मारझोडीनंतर भावाभावांत फूट पडली, गुपित फुटलं आणि पुरातत्त्व खात्याचा एमिल ब्रुग्श दोर धरून खाली उतरला. आत पन्नासाच्या आसपास ममी होत्या: अहमोस, तिसरा तुतमोस, पहिला सेती, दुसरा रामसेस. गावकऱ्यांच्या भीतीनं दोन दिवसांत सगळं वर काढून बोटीवर चढवलं. बोट कैरोकडे निघाली तेव्हा काठांवर बायका केस सोडून आक्रोश करत चालत होत्या आणि पुरुष बंदुकीचे बार काढत होते, आपल्या घरच्या मयतीला काढतात तसे. पुढं शादी अब्देल सलाम यांनी याच प्रसंगावर ‘अल-मुम्मिया’ हा चित्रपट काढला.

पेट्या नीट पाहिल्यावर कळलं की तिसऱ्या तुतमोसच्या पेटीवरचं सोनं वाकसानं तासून काढलेलं आहे. दुसरा रामसेस ज्या पेटीत होता ती त्याच्यासाठी बनवलेलीच नव्हती. पहिल्या तुतमोसची पेटी महापुरोहित पिनुजेम यानं स्वतःसाठी पुन्हा सजवून घेतली होती. मात्र बऱ्याच राजांना नवं कापड गुंडाळलेलं होतं आणि शाईनं नाव, तारीख आणि हे कुणी केलं त्याची नोंद केलेली होती. सोनं घेतलं, नाव राखलं.

अमेरिकन इजिप्तविद कॅथलिन कूनी यांनी या काळातल्या शेकडो पेट्या जगभरच्या संग्रहालयांत जाऊन तपासल्या. निम्म्याहून अधिक पेट्यांवर पुनर्वापराच्या खुणा त्यांना मिळाल्या. रंगाच्या थराखाली आधीचा रंग; दाढी बसवायचं भोक बुजवून चेहरा बाईचा केलेला; पुरुषाच्या वळलेल्या मुठींच्या जागी बायकांचे उघडे पंजे; नाव पुसून नवं, किंवा नावाची जागा कोरीच. याच सुमाराला चितारलेली थडगी बांधणं थांबलं होतं. भिंतींवरची सगळी चित्रं पेटीवर आली, म्हणून एकविसाव्या राजवंशाच्या त्या पिवळ्या पेट्या इतक्या गच्च भरलेल्या असतात. पेटी हेच थडगं झालं आणि तेच थडगं एकामागून एक वेगवेगळ्या मृतांना मिळत गेलं.

याला ढोंग म्हणायचं का? मी म्हणणार नाही. कूनी यांचं म्हणणं मला पटतं: पेटीचं मोठं काम अंत्यसंस्काराच्या दिवशी होई. थडग्याच्या दारात ती उभी करत, पुरोहित तिच्या चेहऱ्याला अवजार लावून तोंड उघडण्याचा विधी करत, मंत्र म्हणत, बायका रडत, गाव पाहत असे. त्या घटकेला मृताचं ओसायरिसमध्ये रूपांतर झालं की पेटीनं आपलं काम केलं होतं. त्यानंतर आजोबांची पेटी बाहेर काढून त्यांना कापडात नीट ठेवायचं आणि पेटी नातवाला द्यायची, यात घरातल्या नुकत्याच गेलेल्या माणसाची निकड होती. जुन्या मृतावर अन्याय होत होता हे करणाऱ्यांना कळत होतं. म्हणून तर हे बहुधा गुपचूप आणि पुरोहितांच्याच हातून होत असावं. नव्या मृताला पेटीशिवाय पाठवणं त्यांच्यानं झालं नाही. बुतेहामुन इख्तायच्या पेटीशी बोलला तेव्हा तीही सुरक्षित नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी तो बोलला.

*

एकविसाव्या राजवंशातल्या या पुरोहितांच्या पेट्यांचा सर्वांत मोठा साठा १८९१ मध्ये, पुन्हा अब्द अल-रसूल घराण्यातल्याच एकानं दाखवलेल्या वाटेनं, देर अल-बहारीलाच मिळाला. बाब अल-गसूस, म्हणजे पुरोहितांचं द्वार. अमुनच्या पुरोहितांची आणि त्यांच्या घरच्यांची १५३ दफनं, एकात एक पेट्यांसह. फ्रेंच इजिप्तविद जॉर्ज दारेसी यांनी भराभर यादी केली आणि सगळं कैरोला नेलं. तिथं जागा पुरेना. १८९३ मध्ये नव्या खेदिवाच्या, म्हणजे इजिप्तच्या शासकाच्या, राज्यारोहणाच्या निमित्तानं युरोप-अमेरिकेतल्या सरकारांना त्यांचे वाटे करून भेटी दिल्या गेल्या. काही वेळा एकाच माणसाची बाहेरची पेटी एका देशाला आणि आतली दुसऱ्या देशाला गेली.

आपल्याकडेही या प्रवासाची एक टोकाची शाखा आहे. बडोद्याच्या संग्रहालयासाठी सयाजीराव गायकवाडांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक ममी मिळवली, ती अजून तिथं आहे. आणि २०१२-१३ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियमचं ममींवरचं प्रदर्शन आलं होतं. त्याचा नायक नेसपेरेन्नुब, कार्नाकच्या खोन्सु देवाचा पुरोहित, इ.स.पू. ८००च्या सुमाराचा. त्याची पेटी न उघडता क्ष-किरणांनी आत पाहिलं तर डोक्याला मातीचा एक खडबडीत वाडगा चिकटलेला होता. राळ ओतताना खाली ठेवलेला तो वाडगा घट्ट बसला, निघेना, आणि कारागिरांनी तो तसाच गुंडाळून टाकला. घरच्यांना कधीच कळलं नसेल.

लूटही थांबलेली नाही. नेजेमआंख या पुरोहिताची सोनेरी पेटी २०११च्या क्रांतीच्या धामधुमीत इजिप्तमधून चोरून नेली गेली. खोट्या कागदांच्या आधारे ती २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला विकली गेली आणि चौकशीनंतर २०१९ मध्ये परत आली. त्याच वर्षी लक्झरला असासिफ इथं तीस पेट्यांचा साठा मिळाला, त्यात लहान मुलांच्याही होत्या. २०२० मध्ये साक्काराच्या विहिरींतून आणखी शंभराहून अधिक बंद पेट्या वर आल्या. या वेळी त्या कोणत्याही सरकारला भेट म्हणून गेल्या नाहीत.

बाब अल-गसूसच्या वाटलेल्या पेट्यांचं काम मात्र अवघड आहे आणि ते चालू आहे. व्हॅटिकन, लूव्र, लायडन, तुरिन आणि कैरोचे लोक गेली बरीच वर्षं एकमेकांशी नोंदी ताडून पाहत आहेत: दारेसींच्या यादीतला हा आकडा आता कुठल्या शहरात आहे, हे झाकण आणि तो तळ एकाच पेटीचे होते का, रंगाखालचं आधीचं नाव कुणाचं. काही संच अशा रीतीनं कागदावर पुन्हा जुळले आहेत. काही पेट्यांवर दोन नावं वाचता आली आहेत, एक वरचं आणि एक पुसलेलं, आणि नव्या याद्यांत आता दोन्ही नावं लिहिली जात आहेत.